हॉस्टेलची खोली, तिघींत दोन हजार रुपये आणि 'भिंतीला काहीही चिकटवू नये' ही पाटी

उन्हाळवाट

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

लातूरहून एम.एस्सी.साठी पुण्यात आलेय. हॉस्टेल मिळालं हेच नशीब. खोली दहा बाय बाराची आणि आम्ही तिघी. एक सांगलीची, एक अकोल्याची. तीन लोखंडी कॉट, तीन पत्र्याची कपाटं, तिघींत एक टेबल, एक पंखा, एक ट्यूब. भिंती कंबरेपर्यंत चॉकलेटी ऑइलपेंटच्या, त्याच्यावर पिवळट डिस्टेंपर. हात लावला की हात पांढरा होतो. खिडकी पश्चिमेला आणि तिच्या बरोब्बर समोर शेजारच्या इमारतीचा जिना. पडदा नाही.

दाराच्या आतल्या बाजूला नियमांची पाटी आहे: खिळा ठोकू नये, टेप लावू नये, स्टिकर लावू नये, हीटर-केटल-इस्त्री वापरू नये. डिपॉझिट पाच हजार. आमच्या आधीच्या मुलींचे टेपच्या डागांसाठी पैसे कापले म्हणे.

बजेट तिघींचं मिळून दोन हजार. रील्समध्ये जे 'हजार रुपयांत रूम मेकओव्हर' दाखवतात त्यात भिंती आधीच पांढऱ्याशुभ्र असतात आणि कॅमेऱ्यामागे कुणाचे तरी वडील ड्रिल मशीन घेऊन उभे असतात. आमच्याकडे दोन्ही नाही. दोन वर्षं इथंच काढायची आहेत. कुठून सुरुवात करू?

तिरकस

आमच्या वेळी खोलीत एक सतरंजी आणि एक ढेकूण असे. सतरंजी आमची, ढेकूण वसतिगृहाचा. तरी शिकलो.

उन्हाळवाट

काका, ढेकूण अजून आहेत. सतरंजी गेली.

गच्चीवरची

तिरकस, हसून हसून पुरेवाट. धागा भरकटायच्या आत सांगते.

सगळ्यात आधी पडदा. बाकीचं पुढच्या महिन्यात केलंस तरी चालेल. समोर जिना असेल तर पडद्याशिवाय तुम्ही खोलीत धड बसणारही नाही, कपडे बदलायला बाथरूममध्ये पळाल. आणि पडदा विकत घेऊ नकोस. आईला एक जुनी सुती साडी माग.

हिशेब सांगते. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या जरा आत रुंद असते. हॉस्टेलची खिडकी बहुतेक चार फूट रुंद आणि साडेचार फूट उंच. दीड-दीड मीटरचे दोन तुकडे काढ. वरचा नेफा आणि खालची दुमड धरून उंचीला पुरतात. दोन्ही तुकड्यांचा पन्हा मिळून खिडकीच्या जवळजवळ दुप्पट भरतो, त्यामुळे चुण्या छान पडतात. उरले अडीच मीटर. त्यातला पदर टेबलावर, बाकीचं पडद्याला आतून अस्तर म्हणून. पश्चिमेची खिडकी आहे, एकेरी साडीतून चार वाजता ऊन थेट डोळ्यात येईल.

पडदा लावायला खिळा लागत नाही. नेफ्यातून नायलॉनची दोरी ओवायची आणि खिडकीच्या गजांना दोन्हीकडे करकचून बांधायची. दोरी मध्ये झोळते, तिथे एका गजाला सुतळीने आधार दे.

फक्त सुतीच घे. जॉर्जेट, नायलॉन नको, कारण गरम दिव्याला टेकलं तर वितळतं. आणि रेशमी साडी पडद्याला वापरलीस तर आई जिवंत सोडणार नाही. शिवाय उन्हात रेशीम विरतं ते वेगळंच.

वेलदोडा

+१ साडीला. माझ्या लेकीने इरकलचा पडदा केला होता, खोलीत शिरताच आजीची आठवण यायची असं म्हणायची. जुनी नऊवारी मिळाली तर अजून उत्तम, आठ मीटरच्या वर कापड.

खाट_नंबर_४

सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो. स्पर्धा परीक्षा. एका खोलीत सहा जण, त्यामुळे 'माझी खोली' असा प्रकारच नाही. माझी म्हणून साडेसहा फुटांची भिंत आहे, कॉटच्या लांबीएवढी. तरीही सांगतो, कारण दोन हजार हे बजेट वाचून पोटात कालवलं. माझा सगळा खर्च दोनशेच्या आत आहे.

नियम एकच ठेवायचा. भिंतीला हातच लावायचा नाही. आपलं जे काही आहे ते लोखंडाला. कॉट लोखंडी, कपाट लोखंडी, खिडकीचे गज लोखंडी. बांधा, अडकवा, चुंबकाने चिकटवा, दोन वर्षांनी एका संध्याकाळी सोडून न्या. मालकाला बोट दाखवायला जागा राहत नाही.

कॉटच्या चारही पायांना मच्छरदाणीसाठी असतात तसे बांबू उभे बांधा. वरून चौफेर सुतळी. झाली तुमची चौकट. त्यावर मच्छरदाणी टाका, जुनी चादर टाका, लायटिंग सोडा, नकाशा लटकवा. आमच्या सहा जणांत दिवा बंद करण्यावरून जी भांडणं व्हायची ती चादर टाकल्यापासून थांबली. ज्याला झोपायचंय तो आत, ज्याला जागायचंय तो बाहेर.

भिंतीच्या बाजूला महाराष्ट्राचा नकाशा आहे. रस्त्यावर फार स्वस्तात मिळाला, कारण त्यात ३५ जिल्हे आहेत. पालघर नाही. तो १ ऑगस्ट २०१४ला ठाण्यातून वेगळा झाला, नकाशा त्याआधीचा. पालघर मी लाल पेनने काढला. मग औरंगाबाद खोडून छत्रपती संभाजीनगर केलं, उस्मानाबादचं धाराशिव, नंतर अहमदनगरचं अहिल्यानगर. नवा नकाशा घेतला असता तर नुसता टांगून ठेवला असता. हा आता तोंडपाठ आहे.

गच्चीवरची

खाट_नंबर_४, दंडवत. वाचनखूण साठवली.

तिरकस

हा माणूस पास होणार.

फेज_न्यूट्रल

इलेक्ट्रिकलवाला आहे, म्हणून फक्त दिव्यांवर बोलतो. माझ्या मते पडद्याइतकीच ही पहिली गोष्ट आहे. खोली भकास दिसते ती भिंतींमुळे कमी आणि ट्यूबमुळे जास्त.

हॉस्टेलमध्ये सर्रास ६५०० केल्विनचा निळसर पांढरा प्रकाश असतो, तोही बरोबर छताच्या मध्यावर. त्या उजेडात चॉकलेटी ऑइलपेंट आणि पिवळं डिस्टेंपर म्हणजे सरकारी दवाखाना. ट्यूब राहू द्या, ती तुमची नाही. एक क्लिपवाला टेबललँप घ्या, कॉटच्या दांडीला किंवा टेबलाच्या कडेला चिमटा लावून बसतो. त्यात ९ वॅटचा, ३००० केल्विनचा बल्ब लावा. खोक्यावर 'वॉर्म व्हाइट' लिहिलेलं असतं आणि किंमत पांढऱ्याएवढीच. रात्री ट्यूब बंद करून तो दिवा भिंतीकडे तोंड करून लावा. त्या पिवळट डिस्टेंपरचाच उपयोग होईल, उजेड मऊ होऊन परत येतो. वाचायला मात्र ४००० केल्विनच्या आसपासचा बरा, वॉर्ममध्ये डोळे मिटायला लागतात.

लाइटमाळ घ्यायचीच असेल तर यूएसबीवर चालणारी. ती ५ व्होल्टवर चालते, मोबाइलच्या चार्जरला लागते. थेट प्लगमध्ये घालायच्या स्वस्त माळा २३० व्होल्टच्या असतात आणि वायर दोऱ्यासारखी. तुटली की पोरं सेलोटेप गुंडाळतात आणि तीच माळ पडद्यावर सोडतात. सेलोटेप म्हणजे इन्सुलेशन टेप नव्हे, हे कुठल्या तरी शाळेत शिकवायला पाहिजे.

आता केटल-हीटरबद्दल. रेक्टर दुष्ट म्हणून तो नियम नसतो. भिंतीतलं साधं सॉकेट ६ अँपिअरचं. २३० गुणिले ६, म्हणजे १३८० वॅट. पाणी तापवायचा रॉड बहुधा १५०० वॅटचा, केटलही तेवढीच. एकीने रॉड लावला की ते सॉकेट आधीच क्षमतेच्या बाहेर, त्यात एक्स्टेन्शन बोर्डवर दुसरीची इस्त्री. याउलट तुमचा ९ वॅटचा दिवा, माळ आणि तिघींचे मोबाइल मिळून शंभरसुद्धा होत नाहीत. त्यामुळे दिवे किती लावायचे याची चिंता नको.

अवांतर: रात्री झिरोचा बल्ब लावणाऱ्यांसाठी. तो जुना काचेचा झिरो बल्ब झिरो वॅटचा नसायचा, १५ वॅटच्या आसपास खायचा. आता अर्ध्या वॅटचा एलईडी मिळतो, तो घ्या.

उन्हाळवाट

बापरे, एवढं सगळं! पडदा आणि दिवा नक्की. साडी आई पुढच्या आठवड्यात पाठवतेय, निवडायलाच दोन फोन झाले.

खाट_नंबर_४ दादा, कपाटाला चुंबक हे डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता माझ्या डब्यावरचा फ्रिज मॅग्नेट लावून बघितला, चिकटतोय!

आता अडचण अशी की सांगलीच्या बाईंना सगळं गुलाबी हवंय आणि अकोल्याच्या बाईंना काहीच नकोय. ती म्हणते, माझ्या वाटणीच्या पैशात मला रेफरन्स बुक घेऊ दे. यावर काय करावं?

वेलदोडा

काहीच नको म्हणणारीचं आधी ऐक. तिचे पैसे घेऊ नको आणि तिच्या कॉटच्या बाजूला हात लावू नको. पडदा तिघींचा, बाकी ज्याचं त्याने. महिन्याभरात तीच विचारेल, तो दिवा कुठून आणला गं.

नाइन_टू_नाइन

मी तर म्हणतो मुख्य भिंतीवर मस्त वारली काढा! गेरू आणि तांदळाची पेस्ट, खर्च शून्य. नाहीतर थर्माकोलची अक्षरं कापून नावं लावा.

माजी_रेक्टर

नाइन_टू_नाइन, तुमच्यासारख्या सल्लागारांमुळेच मुलांची डिपॉझिटं कापली जातात.

मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. दोन गोष्टी. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८पासून बंदी आहे, त्यामुळे तो विषय मिटला. आणि भिंतीवर तांदळाची पेस्ट म्हणजे मुंग्यांना आवतण, पावसाळ्यात वर बुरशी. वारली हवी तर कागदावर काढा. वह्या-पुस्तकांना घालायचा खाकी कागद मीटरवर मिळतो, त्यावर पांढरा पोस्टर कलर. यात कमीपणा काही नाही. मुळात ही चित्रं झोपडीच्या भिंतीवर लग्नाच्या वेळी बायका काढत. पुढे डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा म्हसे ती कागदावर आणि कापडावर काढू लागले आणि जगभर गेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली.

आता उन्हाळवाट, तुझ्यासाठी. रेक्टर खोली ताब्यात घेताना काय बघते ते सांगते. टेपचे डाग बघतेच, पण सगळ्यात जास्त पैसे टेपमुळे जात नाहीत. खोबरेल तेलाने जातात. कॉट भिंतीला लावलेली असते, पोरी केसांना तेल लावून भिंतीला डोकं टेकून मोबाइल बघत बसतात. वर्षाने तिथं परातीएवढा तेलकट गोल डाग पडतो. डिस्टेंपरवरचा तेलाचा डाग पुसून जात नाही, वर रंग मारला तरी खालून फुटून येतो. अख्खी भिंत खरवडावी लागते. तेव्हा पहिल्या दिवसापासून कॉटच्या डोक्याकडच्या दांडीपासून पायाकडच्या दांडीपर्यंत दोरी बांधून तिच्यावर एक चादर सोड. सोलापुरी चादर असेल तर तीच भिंतीची शोभा. महिन्यातून एकदा धुता येते.

टेप लावलीच असेल तर कुठे लावली यावर सगळं आहे. साध्या डिस्टेंपरमध्ये खडूची भुकटी असते. टेप भिंतीला चिकटतच नाही, त्या भुकटीला चिकटते. दोन दिवसांत पोस्टर पडतं आणि वरचा थर घेऊन पडतं. खालच्या ऑइलपेंटवर टेप टिकते आणि निघतेही. तिचा चिकटा राहिला तर खोबरेल तेलाचा बोळा फिरवून मग साबणाच्या पाण्याने पुसायचा. पण हे ऑइलपेंटवरच. वर डिस्टेंपरवर तेलाचा बोळा नेऊ नको, आत्ताच सांगितलं का ते.

आणि आजच, सामान लावायच्या आधी, मोबाइलवर चारही भिंती, पंखा, सॉकेट, खिडकीची काच, सगळ्याचे फोटो काढ आणि हॉस्टेलच्या ऑफिसला ईमेल कर. व्हॉट्सॅप नको, ईमेल. आधीच्या मुलींचे डाग तुझ्या नावावर कशाला?

उन्हाळवाट

मॅडम, परातीएवढा डाग माझ्या कॉटमागे ऑलरेडी आहे. मला वाटलं ओल आली. आत्ताच फोटो काढून ईमेल करते.

तिरकस

म्हणजे आधीच्या मुलींचे पैसे टेपचे नव्हे, तेलाचे गेले. रहस्य उलगडलं.

दापोलीकर

इथल्या कृषी विद्यापीठाच्या हॉस्टेलला राहतो. पुण्याचे सल्ले कोकणात लागू करणाऱ्यांसाठी लिहितोय, कारण हा धागा इतरही वाचतील.

आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस. जुलैत कागदाचं काहीही टांगलं तर आठ दिवसांत पोळीसारखं मऊ पडतं, पुठ्ठ्याला ऑगस्टमध्ये हिरवी लव येते. त्यामुळे पावसाळ्यात भिंतीवर कागद-पुठ्ठा काही नाही, कापड तेवढं, तेही पंख्याखाली. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवायचं, मागून वारा फिरला पाहिजे. कपाटात डांबराच्या गोळ्या. लाइटमाळ जूनमध्ये उतरवून डब्यात, नाहीतर तिच्या सेलच्या खणात गंज.

एक गोष्ट मात्र आमच्याकडे फुकट, आंब्याची लाकडी पेटी. सीझन संपला की रिकाम्या पेट्या कुणीही देतं. दोन पेट्या एकावर एक आडव्या ठेवून सुतळीने बांधल्या की पुस्तकांचं कपाट. पुण्यात मार्केट यार्डात विचारून बघा. पण तशीच खोलीत नेऊ नका. खिळे वर आलेले असतात ते ठोका, आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०चा. कडेने फिरवलात तरी पुरे, शोकेस करायचं नाही आपल्याला.

माजी_रेक्टर

आणि फटी बघा. लाकडी पेटी, जुनी गादी, वापरलेली सोफ्याची उशी, या तीन वाटांनी ढेकूण येतात. एका खोलीत आले की मजला गेला. पेटी आणली तर काळ्या प्लॅस्टिकमध्ये बांधून दोन-तीन दिवस कडक उन्हात गच्चीवर ठेवा. ५० अंशांच्या वर गेलं की ढेकूणही मरतो, अंडीही. वापरलेली गादी मात्र फुकट मिळाली तरी घ्यायची नाही.

फेज_न्यूट्रल

पावसाळ्यात काळ्या प्लॅस्टिकमध्ये ५० अंश होणार नाही, मॅडम. पेटी मे महिन्यातच आणा.

माजी_रेक्टर

बरोबर. मे महिन्यातच.

ऱ्हाईनकाठी

जर्मनीत मास्टर्स करतेय. इकडचं थोडं लिहिते.

विद्यार्थी वसतिगृहात खोली बहुतेक सामानासकट मिळते: पलंग, टेबल, कपाट. भिंती पांढऱ्या आणि जाताना पांढऱ्याच द्यायच्या. काहींच्या करारात रंग मारून द्यायची अटही असते. पण इकडे फुटपाथवर खोकी ठेवलेली असतात, वर चिठ्ठी 'त्सु फेरशेंकन', म्हणजे फुकट न्या. कप, दिवे, पुस्तकं, कधी कुंडीसकट झाड. ऑक्टोबरला नवं सेमिस्टर सुरू होतं, त्यामुळे सप्टेंबरअखेर निघणाऱ्यांचं सामान रस्त्यावर येतं. माझ्या खोलीतली गादी-उशी सोडली तर जवळजवळ सगळं असंच गोळा केलेलं. पहिल्यांदा उचलताना इकडेतिकडे बघून घेतलं होतं, आता सराईत आहे.

पुण्यात हेच सिनियर मुली करतात ना? मे-जूनमध्ये जाताना बादल्या, आरसे, दोऱ्या, मॅट सगळं टाकून जातात. वॉर्डनबाईंच्या किंवा सफाईवाल्या मावशींच्या कानावर घालून ठेव, त्यांना कुठल्या खोलीत काय पडलंय ते पाठ असतं.

इकडे येणाऱ्यांसाठी: उदबत्ती, समई, मेणबत्ती खोलीत लावू नका. छताला धूर ओळखणारं यंत्र असतं. गणपतीत एका मुलाच्या धुपाने अख्खी इमारत खाली उभी राहिली. अग्निशमन दल येतं आणि त्याचं बिल आपल्या नावावर येऊ शकतं.

नाइन_टू_नाइन

मनी प्लांट कुणीच कसा सुचवला नाही? पाण्याच्या बाटलीत फांदी, शून्य खर्च. हे तरी चालेल ना रेक्टर मॅडम? :-)

माजी_रेक्टर

चालेल. दर आठवड्याला पाणी ओतून, बाटली आतून घासून, नवं भरायचं. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. वसतिगृहात डेंग्यूची साथ आली की पहिली तपासणी कुंडीखालच्या ताटल्या, कूलर आणि या बाटल्यांची होते. सुट्टीत घरी जाताना फांदी मातीत लावून जा.

उन्हाळवाट

आज रविवार, खरेदी केली. आधी कुठून काय ते लिहिते, पुण्यात नवीन असणाऱ्यांना उपयोग होईल.

तुळशीबागेत गेलो आणि रिकाम्या हाताने परत आलो असं लिहायला आवडलं असतं, पण सांगलीच्या बाईंनी तिथे गुलाबी उशीचं कव्हर घेतलंच (स्वतःच्या पैशातून, हिशेबात नाही). दोरी, हुक, चुंबक वगैरे रविवार पेठेत बोहरी आळीत. तिथे किलोच्या भाषेत बोलणारे दुकानदार आहेत, वीस चुंबकं मागितल्यावर दुकानदाराने चष्मा खाली करून बघितलं, पण दिली. बांबू बुरूड आळीत. किती फूट ते आधी मोजून न्या, ते कापून देतात. रिक्षावाला बांबू बघून पळतो, हे मात्र लक्षात घ्या. आरसा जुन्या बाजारात. बुधवारी आणि रविवारी भरतो. भाव करायला अकोल्याची, जिला काहीच नको होतं तीच, पुढे. निम्म्याहून खाली आणला.

हिशेब असा. दोरी ४०, सुईदोरा २०, क्लिपवाला दिवा आणि बल्ब मिळून ४५०, यूएसबी माळ १५०, चुंबकं २००, खाकी कागद आणि पोस्टर कलर ९०, बांबू चार २४०, आरसा १२०, दोघींच्या कॉटमध्ये टाकायला चटई १८०. एकूण १४९०. साडी, चादरी आणि मनी प्लांटची फांदी फुकट. उरले ५१०.

सध्या खोलीची अवस्था: पडदा लागलाय, आईने निवडून निवडून पोपटी साडी पाठवली. चॉकलेटी भिंतीशेजारी पोपटी कशी दिसेल याची धास्ती होती, पण दिव्याच्या पिवळ्या उजेडात चॉकलेटी रंग चक्क बरा दिसतो. मला ती भिंत आवडायला लागली आहे, कुणाला सांगू नका. तिन्ही कॉटमागे चादरी. माझ्या कॉटमागची तेलाच्या डागावर बरोबर बसली. कपाटांच्या दारावर चुंबकांनी टाइमटेबल, मेसचा मेनू आणि घरचे फोटो. आरसा कपाटाच्या हँडलला सुतळीने, मागे कापडाची गुंडाळी घातली म्हणजे पत्र्यावर आपटत नाही. खाकी कागदावर वारली चाललीय, आतापर्यंत एक झाड आणि सहा माणसं झालीत, त्यातला एक बैल असावा असा सांगलीकरांचा अंदाज आहे.

अकोल्याने बांबूची चौकट स्वतःच्या कॉटला बांधून घेतली. तिचं म्हणणं, ही सजावट नाही, ही सोय आहे. मान्य.

उरलेल्या ५१०वरून वाद आहे. दुसरा दिवा घ्यावा की खाली मॅट?

फेज_न्यूट्रल

दुसरा दिवा. तिघींत एक दिवा म्हणजे परीक्षेच्या आठवड्यात पुन्हा ट्यूबच. या वेळी ४००० केल्विन.

वेलदोडा

दिवा. मॅट धुवायची कुणी यावरून वेगळी भांडणं होतील.

खाट_नंबर_४

दिवा घ्या. आणि जोडीला कॉटमागे चार विटा. कॉटचे पाय विटांवर चढवले की खाली ट्रंक आणि बॅगा सरकतात, चालायला जागा होते. वीट आडवीच ठेवायची, उभी केली तर लचकते. वीट आणि पाय यांच्यात जुन्या स्लिपरचा रबर कापून घाला, नाहीतर कूस बदलली की खालच्या मजल्यावर ऐकू जातं. आणि विटा मागायच्या असतात, विकत घ्यायच्या नसतात. जिथे बांधकाम चालू असेल तिथे मुकादमाला विचारा.

दापोलीकर

बांबूची चौकट केलेल्या कॉटखाली विटा नकोत, वर जड होऊन हलेल. बाकी दोन कॉटना चालेल.

खाट_नंबर_४

हे खरं. माझी कॉट भिंतीला टेकून आहे म्हणून उभी आहे.

गच्चीवरची

उन्हाळवाट, खूश झाले वाचून. पडद्याच्या कडा पिको करून घेतल्यास का? सुती साडी कापली की दोरे सुटतात, दोन धुण्यांत झालर होते.

उन्हाळवाट

पिकोवाल्याने रविवार म्हणून दुकान उघडलं नव्हतं. हातानेच टीप घातली, तिघींनी एकेक बाजू. तीन बाजू सरळ आहेत का हे विचारू नये. फोटो टाकते आहे, तो लांबून काढलाय.

तिरकस

फोटो बघितला. बैल सापडला नाही, पण पडदा झकास.